‘मॉड्यूल सापडले नाही’: भूस्थानिक लायब्ररींच्या मांडणीतील त्रुटींचे निदान व उपाय

पिकाखालील क्षेत्राचा अंदाज, पाण्याच्या ताणाची पाहणी, अतिवृष्टीनंतरच्या नुकसानीचे मोजमाप अशा अनेक कामांसाठी उपग्रह प्रतिमांचा वापर आज केवळ संशोधन संस्थांपुरता मर्यादित राहिलेला नाही. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० मीटर विभेदनाच्या प्रतिमा विनामूल्य उपलब्ध असून दोन उपग्रह मिळून साधारणपणे दर पाच दिवसांनी एकाच ठिकाणाची प्रतिमा घेतात. लँडसॅट उपग्रहांच्या ३० मीटर विभेदनाच्या प्रतिमांचा संग्रह तर अनेक दशकांचा आहे. या प्रतिमा वाचणे, गावाच्या सीमेनुसार कापणे आणि त्यांवरून वनस्पती निर्देशांक काढणे ही कामे पायथन या संगणकीय भाषेतील भूस्थानिक लायब्ररींच्या साहाय्याने करता येतात. त्यामुळे कृषी विज्ञान केंद्रांतील विषय विशेषज्ञ, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे कार्यकर्ते आणि तंत्रज्ञानाची आवड असलेले शेतकरी या साधनांकडे वळू लागले आहेत.

परंतु अनेकांचे काम पहिल्याच ओळीपाशी अडते. एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. ऑगस्टचा शेवटचा आठवडा आहे. जूनअखेर पेरलेले सोयाबीन शेंगा भरण्याच्या अवस्थेत आहे. बरेच दिवस ढगांनी झाकलेल्या आकाशात एक दिवस उघडीप मिळाली आणि त्याच दिवशी उपग्रहाने गावाची स्वच्छ प्रतिमा टिपली. कोणत्या शिवारात पिकाची वाढ खुंटली आहे हे त्या प्रतिमेवरून ठरवून दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष पाहणीस जायचे आहे. सहकाऱ्याकडून मिळालेली आज्ञावली चालू केली आणि पडद्यावर उमटले, ‘मॉड्यूल सापडले नाही’. मग कोणी लायब्ररी पुन्हा बसवतो, कोणी पायथनच काढून टाकून नवा बसवतो, कोणी कोठून तरी मिळालेली फाइल सिस्टीमच्या फोल्डरमध्ये टाकतो. यात आठवडा जातो आणि पाहणीचा उपयोग होण्याचा काळही निघून जातो.

हा वेळ वाचवता येतो. त्रुटीचा संदेश शांतपणे वाचल्यास दोष नेमका कोठे आहे हे बहुतेक वेळा कळते आणि दोषाची जागा कळली की उपाय लहान असतो. ती जागा कशी ओळखावी, तसेच त्रुटी दूर झाल्यावर निकाल विश्वसनीय आहे की नाही हे कसे पडताळावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. लेखातील आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहाव्यात.

लायब्ररींची रचना: चार थर

ठिबक सिंचनाच्या संचात ड्रिपरमधून पाणी येत नसेल, तर अनुभवी शेतकरी लगेच ड्रिपर बदलत नाही. लॅटरल, सबमेन, फिल्टर आणि पंप या क्रमाने तो मागे मागे जातो. भूस्थानिक लायब्ररींचेही तसेच आहे. आज्ञावलीत आपण केवळ ‘इम्पोर्ट रॅस्टेरियो’ असे लिहितो. परंतु त्या एका ओळीमागे चार थर असतात.

१. पायथन: आज्ञावली प्रत्यक्ष चालवणारा कार्यक्रम.
२. पायथन पॅकेज: रॅस्टेरियो, जिओपांडास, फिओना, शेपली इत्यादी.
३. मूळ लायब्ररी: जीडाल, जिऑस आणि प्रोज. या सी व सी++ भाषांत लिहिलेल्या असून खरे काम त्याच करतात. जीडाल प्रतिमा व नकाशांच्या फाइली वाचते, जिऑस बहुभुजांची भूमिती सांभाळते आणि प्रोज निर्देशांक एका प्रक्षेपणातून दुसऱ्यात नेते.
४. आधार-माहिती: प्रक्षेपणांच्या व्याख्या साठवलेली ‘प्रोज डॉट डीबी’ ही फाइल आणि तिचा मार्ग.

साध्या पायथन पॅकेजांना तिसरा व चौथा थर नसतो. म्हणून ती सहज बसतात. जीडालची सुरुवात १९९८ साली झाली. तेव्हापासून ती शेकडो प्रकारच्या फाइली वाचू शकणारी, अनेक इतर लायब्ररींवर अवलंबून असणारी मोठी रचना बनली आहे. पायथनमधील पॅकेज आणि ही मूळ रचना एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांच्या असाव्या लागतात. बहुतेक अडचणींचे मूळ या जुळणीत आहे.

पहिला थर: आज्ञावली कोणता पायथन चालवत आहे?

एकाच संगणकावर अनेक पायथन असणे ही आज सामान्य गोष्ट आहे. एक संकेतस्थळावरून घेतलेला, दुसरा अ‍ॅनाकोंडासोबत आलेला, तिसरा क्यूजीआयएसच्या आत असलेला. पॅकेज एका पायथनमध्ये बसते आणि आज्ञावली दुसऱ्या पायथनमध्ये चालते. याची ठळक खूण अशी की, पॅकेज बसवण्याची आज्ञा दिल्यास ‘आवश्यकता आधीच पूर्ण झाली आहे’ असे उत्तर मिळते आणि तरीही इम्पोर्ट करताना ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’ येते. दोन्ही विधाने खरी असतात; ती वेगवेगळ्या पायथनविषयी असतात, इतकेच.

याचे निदान दोन ओळींत होते. ज्या ठिकाणी त्रुटी आली, त्याच ठिकाणी पुढील ओळी चालवाव्यात.

इम्पोर्ट सिस
प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)

पडद्यावर उमटणारा मार्ग हा चालू असलेल्या पायथनचा पत्ता होय. पॅकेज बसवताना नुसते ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ असे लिहावे. म्हणजे त्या खिडकीत ‘पायथन’ या नावाने जो पायथन चालतो, त्याच्यातच पॅकेज बसते. ज्युपिटर नोटबुकमध्ये काम करणाऱ्यांनी पिपच्या आधी टक्क्याचे चिन्ह देऊन आज्ञा त्याच नोटबुकच्या चौकटीत चालवावी आणि नंतर कर्नल पुन्हा सुरू करावा. नोटबुकचा कर्नल वेगळा असणे हे या प्रकारच्या त्रुटीचे नेहमीचे कारण आहे.

क्यूजीआयएस वापरणाऱ्यांनी एक बाब लक्षात ठेवावी. विंडोजवर या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा पायथन आणि स्वतःची जीडाल असते. त्यातील पॅकेजे बाहेरच्या पायथनला दिसत नाहीत. त्यात नवे पॅकेज घालायचे असल्यास सोबत येणाऱ्या ‘ओएसजिओ४डब्ल्यू शेल’ या खिडकीतूनच आज्ञा द्यावी.

दुसरा थर: नावांचा घोटाळा

पॅकेज बसवताना वापरायचे नाव आणि इम्पोर्ट करताना वापरायचे नाव प्रत्येक वेळी एकच असते असे नाही. जीडाल बसवल्यावर ती ‘ओएसजिओ’ या नावाखाली सापडते. जुन्या आज्ञावल्यांत नुसते ‘इम्पोर्ट जीडाल’ असे असते. आजच्या आवृत्त्यांत ते चालत नाही. योग्य ओळ अशी आहे.

फ्रॉम ओएसजिओ इम्पोर्ट जीडाल

याचप्रमाणे ‘सायकिट-इमेज’ हे पॅकेज ‘एसकेइमेज’ या नावाने, ‘सायकिट-लर्न’ हे ‘एसकेलर्न’ या नावाने, ‘ओपनसीव्ही-पायथन’ हे ‘सीव्ही२’ या नावाने आणि ‘अर्थइंजिन-एपीआय’ हे केवळ ‘ईई’ या नावाने इम्पोर्ट होते. नाव न सापडल्यास अंदाजाने मिळतेजुळते नाव टाइप करून पॅकेज बसवू नये. लोकप्रिय नावांच्या चुकीच्या स्पेलिंगखाली अपायकारक पॅकेजे ठेवली गेल्याची उदाहरणे आहेत.

दुसरा घोटाळा आपल्या हातून होतो. सरावासाठी लिहिलेल्या आज्ञावलीला ‘रॅस्टेरियो डॉट पीवाय’ असे नाव दिले, तर पायथन खऱ्या पॅकेजऐवजी हीच फाइल उचलतो. कारण चालू आज्ञावलीचे फोल्डर तो प्रथम पाहतो. अशा वेळी संदेशात ‘अंशतः सुरू झालेले मॉड्यूल’ व ‘वर्तुळाकार इम्पोर्ट’ अशा अर्थाचे शब्द येतात. फाइलचे नाव बदलावे आणि शेजारी तयार झालेले ‘पायकॅश’ नावाचे फोल्डर पुसावे.

तिसरे कारण आवृत्तीबदलाचे. जिओपांडासची १.० ही आवृत्ती २०२४ मध्ये आली. तिने फाइली वाचण्यासाठी फिओनाऐवजी पायओग्रिओ हे पॅकेज प्रमुख साधन म्हणून स्वीकारले. पूर्वी जिओपांडास बसवले की फिओना आपोआप येत असे. आता तसे होत नाही. त्यामुळे ‘इम्पोर्ट फिओना’ ही ओळ असलेली जुनी आज्ञावली नव्या संगणकावर अडते. येथे काहीही बिघडलेले नसते. फिओना स्वतंत्रपणे बसवली की काम होते.

तिसरा थर: मूळ लायब्ररींची जुळणी

‘मॉड्यूल सापडले नाही’ आणि ‘डीएलएल लोड फेल्ड’ हे दोन संदेश वेगळे वाचावेत. दुसऱ्या संदेशाचा अर्थ असा की पायथनला पॅकेज सापडले आहे, पण त्याच्याखालची मूळ लायब्ररी उघडता आली नाही. लिनक्सवर याच अर्थाने ‘शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही’ असा संदेश येतो. अशा वेळी तेच पॅकेज पुन्हा पुन्हा बसवल्याने सहसा लाभ होत नाही. नेहमी आढळणारी कारणे व त्यांवरील उपाय पुढीलप्रमाणे आहेत.

*पिपने थेट जीडाल बसवण्याचा प्रयत्न.* पिपच्या अधिकृत भांडारात रॅस्टेरियो, फिओना, पायओग्रिओ यांची तयार पॅकेजे मिळतात व मूळ जीडाल त्यांच्या पोटातच असते. जीडाल या नावाचे पॅकेज मात्र तेथे मूळ संहितेच्या स्वरूपात असते. ते बसवण्यासाठी संगणकावर सी++ चा संकलक आणि तंतोतंत त्याच आवृत्तीची मूळ जीडाल आधीपासून असावी लागते. विंडोजवर ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ आवश्यक’ असा संदेश येतो, तो यामुळेच. प्रतिमा वाचून निर्देशांक काढणे एवढेच काम असेल, तर जीडाल स्वतंत्रपणे बसवण्याची गरज नाही. रॅस्टेरियो पुरेसे आहे. लिनक्सवर जीडाल हवीच असल्यास ‘जीडाल-कॉन्फिग’ या आज्ञेने मूळ लायब्ररीची आवृत्ती पाहावी व पायथन पॅकेजचीही तीच आवृत्ती मागावी.

*कक्ष चालू न करता पायथन चालवणे.* कॉन्डाने तयार केलेल्या कक्षातील पायथन ‘कॉन्डा ॲक्टिव्हेट’ न करता थेट त्याच्या फाइलवरून चालवला, तर मूळ लायब्ररींचे मार्ग जोडले जात नाहीत आणि ‘डीएलएल लोड फेल्ड’ ही त्रुटी येऊ शकते. संपादक सॉफ्टवेअरमधून आज्ञावली चालवताना हे विशेष घडते.

*जुना सल्ला.* ‘जीडालचे फोल्डर पाथमध्ये टाका’ हा सल्ला अनेक जुन्या मार्गदर्शनांत आढळतो. २०१९ मध्ये आलेल्या पायथन ३.८ पासून विंडोजवर पॅकेजच्या मूळ लायब्ररी शोधताना पाथचा विचार सामान्यतः केला जात नाही. त्यामुळे पूर्वी लागू पडणारा हा उपाय आता बहुधा निरुपयोगी ठरतो. एखादी सुटी डीएलएल फाइल अनोळखी संकेतस्थळावरून उतरवून घेणे तर पूर्णपणे टाळावे. त्यातून आवृत्त्यांची विसंगती वाढते आणि संगणकाच्या सुरक्षिततेलाही धोका पोहोचतो.

*नमपायशी विसंगती.* नमपायची २.० ही आवृत्ती जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. आधीच्या १ या मालिकेवर संकलित झालेली पॅकेजे तिच्यासोबत चालत नाहीत आणि संदेशात तसे स्पष्ट सांगितलेले असते. अशा वेळी सर्व भूस्थानिक पॅकेजे एकत्र अद्ययावत करावीत. ते शक्य नसल्यास नमपायची २ पेक्षा कमी आवृत्ती मागावी. याच नात्यातील दुसरी त्रुटी म्हणजे ‘जीडाल अ‍ॅरे’ न सापडणे. जीडाल इम्पोर्ट होते, प्रतिमेची फाइलही उघडते; पण तिचे आकडे सारणीत घेताना आज्ञावली थांबते. जीडालचे पायथन पॅकेज संकलित होताना नमपाय उपलब्ध नव्हती, असा याचा अर्थ. नमपाय आधी बसवून साठवणीतील जुनी प्रत न वापरता जीडालचे पॅकेज पुन्हा संकलित करावे.

*अतिनवा किंवा जुना पायथन.* पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते. तिच्यासाठी भूस्थानिक पॅकेजे तयार होण्यास काही अवधी लागतो. म्हणून सर्वांत नव्याच्या मागची एक आवृत्ती वापरणे सोयीचे ठरते. कार्यालयांतील जुन्या संगणकांवर पायथन ३२-बिट आहे का, हेही पाहावे. बहुतेक भूस्थानिक पॅकेजे आता केवळ ६४-बिट पायथनसाठी तयार मिळतात.

चौथा थर: प्रक्षेपणांची माहिती

येथे इम्पोर्ट यशस्वी होते. पण निर्देशांक बदलण्याची वेळ आली की ‘प्रोज डॉट डीबी सापडली नाही’ किंवा ‘ही दुसऱ्या प्रोज मांडणीतील आहे’ असा संदेश येतो. संगणकावर पोस्टजीआयएससारखे दुसरे सॉफ्टवेअर बसवलेले असल्यास त्याने ‘प्रोज-लिब’ या पर्यावरण-चलात आपल्या जुन्या फाइलचा मार्ग लिहून ठेवलेला असू शकतो. प्रोजच्या नव्या आवृत्त्यांत या चलाचे नाव ‘प्रोज-डेटा’ असे आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये ही दोन्ही नावे शोधावीत, त्यांतील मार्गाची नोंद करून ठेवावी व मूल्य काढून पाहावे. योग्य तऱ्हेने बसवलेल्या पॅकेजला आपली फाइल कोठे आहे हे स्वतः माहीत असते. मूल्य काढल्यावर ते दुसरे सॉफ्टवेअर अडल्यास नोंदलेला मार्ग पूर्ववत करावा.

मांडणी करताना घ्यावयाची काळजी

वरील बहुतेक अडचणी सुरुवातीसच टाळता येतात. त्यासाठी भूस्थानिक कामाकरिता स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट तयार करावे. यास आपण ‘कक्ष’ म्हणू. बियाणे, खते आणि कीटकनाशके एकाच खोलीत ठेवत नाहीत, तसेच हे आहे. मिनिफोर्ज हे लहान सॉफ्टवेअर बसवल्यावर पुढील दोन आज्ञा पुरेशा होतात.

कॉन्डा क्रिएट -एन शेती -सी कॉन्डा-फोर्ज पायथन=३.१२ जिओपांडास रॅस्टेरियो
कॉन्डा ॲक्टिव्हेट शेती

‘शेती’ हे कक्षाचे नाव आहे; ते रोमन अक्षरांत लिहावे. कॉन्डा-फोर्ज या भांडारातून जीडाल, जिऑस, प्रोज आणि त्यांवरील पायथन पॅकेजे परस्परांशी जुळवून दिली जातात, म्हणून तिसऱ्या व चौथ्या थराची चिंता बरीच कमी होते. त्यासोबत पुढील पथ्ये पाळावीत.

- लागणारी सर्व पॅकेजे शक्यतो एकाच आज्ञेत मागावीत. एकेक करून मागितल्यास आवृत्त्या बदलत राहतात.
- एकाच कक्षात कॉन्डा व पिप यांची सरमिसळ टाळावी. जे कॉन्डा-फोर्जमध्ये नाहीच, तेवढेच शेवटी पिपने घ्यावे.
- सॉफ्टवेअर ज्या फोल्डरमध्ये बसवायचे, त्याच्या मार्गात रिकामी जागा किंवा देवनागरी अक्षरे नसावीत. विंडोजवरील वापरकर्त्याचे नाव मराठीत असल्यास सी ड्राइव्हवर रोमन नावाचे साधे फोल्डर करून तेथे मांडणी करावी.
- कक्ष नीट चालू लागला की ‘कॉन्डा एन्व्ह एक्स्पोर्ट’ या आज्ञेने त्यातील पॅकेजांची व आवृत्त्यांची यादी फाइलमध्ये साठवावी. कक्ष बिघडल्यास दुरुस्तीत वेळ न घालवता तो पुसून या यादीवरून नवा करावा.

ग्रामीण भागात मोठ्या फाइली उतरवताना जोडणी मध्येच तुटते आणि अर्धवट मांडणी हेच त्रुटीचे कारण ठरते. अशा ठिकाणी चांगली जोडणी असलेल्या संगणकावर कक्ष तयार करून ‘कॉन्डा-पॅक’ या साधनाने त्याची एकच फाइल करावी व ती पेन ड्राइव्हवरून न्यावी. दोन्ही संगणकांवर एकाच प्रकारची कार्यप्रणाली असणे मात्र आवश्यक आहे.

प्रत्येक कामासाठी पायथनची मांडणी करावीच लागते असेही नाही. एका गावाचा, एका तारखेचा वनस्पती निर्देशांक हवा असेल, तर क्यूजीआयएसमधील रास्टर कॅल्क्युलेटरने तो काही मिनिटांत मिळतो. वर उल्लेखिलेल्या सोयाबीनच्या प्रसंगी मांडणी दुरुस्त होईपर्यंत थांबण्यापेक्षा हा मार्ग घेणे अधिक शहाणपणाचे. अनेक गावे, अनेक तारखा आणि दर हंगामात तेच काम असेल, तेव्हा पायथनचे श्रम सार्थकी लागतात.

त्रुटी गेली; निकाल बरोबर आहे का?

पडद्यावर उमटणारी त्रुटी त्रासदायक असली तरी प्रामाणिक असते. ती काम थांबवते. मांडणी बदलल्यावर आज्ञावली निमूटपणे चालावी आणि निकाल मात्र चुकीचा यावा, हे अधिक घातक आहे. अशा निकालावर आधारलेला सल्ला थेट शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचतो. म्हणून इम्पोर्ट यशस्वी झाल्यावर पुढील तपासण्या केल्याशिवाय कोणताही नकाशा बाहेर देऊ नये.

*आवृत्त्यांची नोंद.* जिओपांडासमधील ‘शो व्हर्जन्स’ ही आज्ञा चालू पायथनचा मार्ग, जीडाल, जिऑस व प्रोज यांच्या आवृत्त्या आणि अन्य पॅकेजांची माहिती एकत्र दाखवते. चारही थर एका दृष्टिक्षेपात दिसतात.

*ओळखीच्या बिंदूची चाचणी.* नागपूर शहराचा अक्षांश सुमारे २१.१५ अंश उत्तर व रेखांश सुमारे ७९.०९ अंश पूर्व आहे. हा बिंदू यूटीएम विभाग ४४ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४४ मध्ये रूपांतरित केल्यास पूर्वांतर सुमारे ३,०२,००० मीटर आणि उत्तरांतर सुमारे २३,४०,००० मीटर यावयास हवे. ही चाचणी अत्यंत आवश्यक आहे; कारण २०१९ मधील जीडाल ३.० पासून ईपीएसजी ४३२६ या पद्धतीत निर्देशांकांचा क्रम ‘आधी अक्षांश, मग रेखांश’ असा धरला जातो. पूर्वी हा क्रम उलट होता. जुनी आज्ञावली नव्या जीडालवर जशीच्या तशी चालवल्यास दोन्ही आकडे अदलाबदल होऊ शकतात आणि नागपूरजवळची संत्र्याची बाग ७९ अंश उत्तर अक्षांशावर, नॉर्वेच्या उत्तरेकडील बर्फाळ स्वालबार्ड द्वीपसमूहात जाऊन पोहोचते. अशा आज्ञावलीत अक्षांचा पारंपरिक क्रम स्पष्टपणे नमूद करावा; पायप्रोज वापरत असल्यास ‘ऑलवेज एक्सवाय’ हा पर्याय खरा ठेवावा.

*क्षेत्रफळाची चाचणी.* ज्या शेताचे क्षेत्र निश्चित माहीत आहे, त्याचा बहुभुज काढून क्षेत्रफळ मोजावे. एक हेक्टरचे शेत १०,००० चौरस मीटरच्या जवळपास आले पाहिजे. उत्तर ०.००००००८७ असे अतिलहान आले, तर मोजणी मीटरमध्ये नसून अंशांमध्ये झाली आहे. महाराष्ट्राचा बराच भाग यूटीएम विभाग ४३ मध्ये येतो. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेकडील विदर्भ व हैदराबाद विभाग ४४ मध्ये आणि इंदूर पुन्हा ४३ मध्ये. आपल्या गावाचा विभाग निश्चित करूनच मोजणी करावी. सातबारा, मध्य प्रदेशातील खसरा किंवा कर्नाटकातील पहाणी यांवरील क्षेत्राशी तुलना करताना पोटखराब्याचा विचार करावा. थोडा फरक स्वाभाविक आहे, दहापट फरक नाही.

*निर्देशांकाची चाचणी.* एनडीव्हीआयचे मूल्य उणे १ ते अधिक १ या मर्यादेतच असते. उघड्या जमिनीवर ते अल्प, तर दाट हिरव्या पिकावर ०.६ च्या वर सहज जाते. सेंटिनेल-२ चे आकडे चिन्हरहित पूर्णांकांत साठवलेले असतात. ते दशांश संख्यांत न बदलता वजाबाकी केल्यास तलावाच्या जागी, जेथे लाल पट्ट्याचे मूल्य निकट-अवरक्तापेक्षा अधिक असते, उत्तर उणे न येता प्रचंड मोठे येते. तलाव, पड जमीन आणि डोळ्यांनी पाहिलेले एक हिरवे शेत या तीन जागांची मूल्ये प्रत्येक वेळी तपासावीत.

मदत मागताना

‘चालत नाही’ एवढ्या माहितीवर तज्ज्ञालाही मदत करता येत नाही. त्रुटीचा संपूर्ण संदेश, विशेषतः शेवटची ओळ, सिस.एक्झिक्युटेबलने दिलेला मार्ग, कार्यप्रणाली, पॅकेज कोणत्या आज्ञेने बसवले, आणि आवृत्त्यांची यादी, एवढ्या पाच गोष्टी लिखित स्वरूपात द्याव्यात. छायाचित्र पाठवण्याऐवजी मजकूर पाठवावा. अनेकदा ही माहिती गोळा करतानाच दोष आपल्याला स्वतःला दिसतो.

प्रत्येक केंद्राने यासाठी एक नोंदवही ठेवावी: दिनांक, संदेश, दोषाचा थर, केलेला उपाय. एकाच जिल्ह्यातील किंवा निरनिराळ्या राज्यांतील केंद्रांनी कक्षाची यादी परस्परांना दिल्यास सर्वत्र त्याच आवृत्त्या चालतील व निकालांची तुलना करता येईल. ही पूर्वतयारी खरीप पेरणीच्या आधी, मे महिन्यात पूर्ण करावी; ओळखीच्या बिंदूची व क्षेत्रफळाची चाचणीही तेव्हाच उरकून घ्यावी. मग ऑगस्टच्या अखेरीस ढगांतून एक दिवस आकाश उघडले, तर त्या दिवशीची प्रतिमा दुसऱ्या दिवशी शिवारात जाण्यासाठी उपयोगी पडेल.